चिचटोल्याचं चूलबंद आवतण

आमच्या कार्यालयाच्या हजेरीपटावर मी टंकलेखिका होते. गावांमध्ये मला ‘रस्त्याची बाई’ म्हणत. दुसरं नाव जास्त खरं होतं. त्या काही वर्षांत मी टाईपरायटरसमोर जेवढी बसले, त्याच्या कितीतरी पट जास्त लोकांच्या ओसरीवर, विहिरीच्या काठावर आणि जीपच्या पुढच्या सीटवर बसले.

काम भंडाऱ्याहून उत्तरेला तुमसरकडून बपेऱ्याला, म्हणजे मध्य प्रदेशाच्या हद्दीला जाणाऱ्या जुन्या रस्त्याचं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. जुना रस्ता सभ्य होता. बोडी आली, म्हणजे आमच्याकडचं गावतळं आलं, की तो वळायचा. देऊळ आलं की वळायचा. कोणाच्या धानाच्या बांध्या आल्या तरी त्यांना वळसा घालून जायचा. नवा रस्ता रुंद आणि सरळ होणार होता. तो वळणार नव्हता, म्हणून ठिकठिकाणी माणसांना वळावं लागणार होतं. ते त्यांना आधी सांगायला हवं, असं पत्र वरून आलं.

आमचे उपअभियंता बोरकर साहेब निवृत्तीला आलेले होते. कामावर त्यांचा आवाज रोलरच्या वर जायचा, कार्यालयात मात्र ते चपराशालाही ‘जरा पाणी देता का’ असं विचारत. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

“तुम्ही नागपूरच्या इंग्रजी शाळेतल्या. तुम्हाला चारचौघांत बोलायला शिकवलं असेल.”

शाळेत आम्हाला कविता म्हणायला शिकवलं होतं. चारचौघांत बोलणं मी शक्यतो टाळत आले होते. पण नोकरी कच्ची होती आणि घरी आई होती, म्हणून मी हो म्हटलं.

हे काम कमी बोलणाऱ्या माणसालाच जमतं, असं माझं अजूनही मत आहे. कोणाच्या ओसरीवर जाऊन गप्प बसलं की समोरचा माणूस ती शांतता भरून काढतो, आणि ती तो त्याच्या मनातल्या खऱ्या प्रश्नानं भरतो. रस्त्याबद्दल लोकांचे प्रश्न तीनच असतात. माझं काय जाणार? कधी जाणार? आणि तोवर मी जाऊ कुठून? बाकी रुंदी, खडी, डांबर, मंजुरी यांत कोणाला रस नसतो. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. जे नक्की माहीत आहे तेच सांगायचं. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असं स्पष्ट सांगायचं आणि पुढच्या फेरीला उत्तर घेऊन जायचं. ‘लवकरच’ हा शब्द मी माझ्या नोटिसांमधून काढून टाकला होता.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची भेटत. एका हॉटेलवाल्याच्या दारावरून आम्ही तात्पुरता वळणरस्ता काढला होता. त्याची भजी अशी खपायला लागली की त्यानं बाकडी वाढवली. मूळ रस्ता खुला होणार हे सांगायला मी गेले तेव्हा तो म्हणाला, “सांगा ना बाई, पन ट्रकवाल्याइले नोको सांगू. थे आपल्या हिशेबानं समजतीन कवातरी.” आंधळगावच्या बाजारात एक निवृत्त गुरुजी भेटत. मी लावलेली नोटीस ते उतरवून घेत, घरी लाल शाईनं तपासत आणि पुढच्या बाजारी मला परत देत. खाली गुणही असत. माझी प्रगती समाधानकारक होती.

पण ज्या गावानं मला हे काम शिकवलं ते चिचटोला.

चिचटोला एका हाकेत संपणारं गाव होतं. पाठीशी डोंगर, पुढं बोडी, बोडीच्या पलीकडं जुनी आमराई. नवा रस्ता त्या डोंगराचा एक पाय कापून जाणार होता. खडक कापायचा म्हणजे त्याला ओळीनं भोकं पाडायची, भोकांत दारू ठासायची आणि वाती पेटवून लांब पळायचं. सुरुंगांचा मुकादम मॅंगनीजच्या खाणीत आयुष्य काढून आलेला होता. त्याला कामाची भीती नव्हती, पण धोंडा कुठं जाऊन पडेल हे सांगणं त्याच्याही हातात नव्हतं. म्हणून स्फोटाच्या वेळी गाव रिकामं हवं होतं.

पहिल्या सुरुंगाच्या आधी आम्ही सगळं नियमाप्रमाणे केलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस चिकटवली. जीपवर भोंगा बांधला. ड्रायव्हर रहीमभाईंनी गावाच्या तोंडाशी गाडी हळू केली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोफोन हातात धरून वाचायला लागले, “सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की...”

मान वर केली तेव्हा गावात एकही पुरुष नव्हता. बायकांनी दारं लावून घेतली होती. चौकात फक्त कोतवाल उभा होता, फागोजी. कोतवालाला पळता येत नाही, नाहीतर तोही गेला असता.

“म्याडम,” तो म्हणाला, “पुढचं नोको वाचू. आता सांजपावतर कोनी वापस येत नाही.”

“पण काहून?” मी विचारलं. भंडाऱ्यात राहून तेवढा शब्द माझ्या तोंडी आला होता.

“मांगच्या खेपेले अशीच जीप आली होती. असाच भोंगा होता. नसबंदीवाल्याइचा.”

माणसं डोंगरावरच्या जंगलात गेली होती. सुरुंगाची जागा डोंगराच्या दुसऱ्या टोकाला होती, हे आमचं आणि त्यांचं नशीब. गावात बायका अजून आहेत हा निरोप वर पोचायच्या आत, दुपारी सुरुंग उडाले. एक धोंडा चिचटोल्यात एका घराची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फोडून आत गेला.

ते घर बयनाबाईचं. ती विधवा, एकुलता मुलगा मनिराम राईस मिलमध्ये रातपाळीला. सकाळी घरी येऊन तो मधल्या खोलीत खाटेवर दुपारभर झोपायचा. धोंडा त्या खाटेच्या बरोबर मध्ये पडला होता, सुतळ्या तोडून जमिनीत रुतला होता. मनिराम त्या वेळी जंगलात एका मोहाच्या झाडावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी बोरकर साहेब आणि मी तिच्या घरी गेलो. शिव्या खायची तयारी ठेवली होती. बयनाबाईनं आधी पाणी दिलं, मग माझ्याकडं बघून म्हणाली, “माहा पोरगा तुमच्या सांगन्यानं नाही वाचला, पोरी. तुमच्या जीपच्या भेवानं वाचला.”

साहेब खाली बघत होते. धोंडा तिनं ढकलत ढकलत माठाच्या खाली नेऊन ठेवला होता. तो उचलून नेऊ का, असं रहीमभाईंनी विचारलं.

“राहू द्या. सरकारनं इतका मोठा गोटा घरपोच देला, वापस कायले देऊ?”

परतताना साहेब जीपमध्ये माझ्याकडं वळले. मग म्हणाले, “पुढचा सुरुंग मोठा आहे, आणि गावाच्या डोक्यावरच आहे. त्या दिवशी गावात कोंबडीसुद्धा नको. पोलिस मागवता येतील. पण पोलिस दिसले की लोक जंगलात पळतील, आणि जंगल त्याच डोंगरावर आहे. तुम्हीच काहीतरी बघा.”

जीप नेली तर माणसं थेट धोंड्यांखाली जाणार. जीप नेली नाही तर मनिराम खाटेवर झोपणार. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा सरळ पेच दुसरा आला नाही.

मी एसटीनं चिचटोल्याला गेले, एकटी. बयनाबाई ओसरीवर वाळलेली मोहफुलं निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि निवडायला लागले. थोड्या वेळानं तिनं माझ्या सुपातून मी निवडलेलं सगळं परत स्वतःच्या सुपात ओतलं.

“काम सांग,” ती म्हणाली. “मोहफुलं निवडाले तं तू येत नाहीस.”

मी म्हटलं, “मावशी, एका दिवशी सगळं गाव, लेकरं-म्हातारी धरून, आमराईत यायला हवं. कोणी घरी नको, कोणी जंगलात नको. नोटीस लावली तर कोणी वाचत नाही. दवंडी दिली तर?”

“दवंडी हरपल्या ढोराची असते नाही तं पट्टीच्या वसुलीची. थे आयकून मानूस लपते.”

“मग माणूस कशानं येतो?”

तिनं माझ्याकडं, म्हणजे माझ्या बिनमंगळसूत्राच्या गळ्याकडं, जरा वेळ बघितलं. “तुया घरी लगन नाही झालं का कोनाचं? आवतनानं येते मानूस. अक्षता घेऊन दाराशी जायचं. घरातून एकजन पायजे तं एकाचं आवतन. समदं घर पायजे तं चूलबंद.”

चूलबंद आवतण मला ऐकून माहीत होतं. त्या घराची चूल त्या दिवशी पेटत नाही, घरातलं प्रत्येक माणूस निघतं, आणि अक्षता हातात घेतल्यावर कोणी ‘येत नाही’ म्हणत नाही. मला तर हे आमच्या कामासाठीच बनवल्यासारखं वाटलं. घरात विस्तव नाही, घरात माणूस नाही. बोरकर साहेबांना सांगितलं तेव्हा ते साइटवर घाईत होते. “कसंही बोलवा,” एवढंच म्हणाले.

बयनाबाईनं तांदूळ हळदीत पिवळे करून दिले. ती, मी आणि फागोजी, असे तिघं घरोघर फिरलो. दारात उभं राहून बयनाबाई सांगायची, “रस्त्याच्या बाईचं आवतन हाय. परवा, सूर्य डोक्यावर यायच्या आंधी, आमराईत. चूलबंद.” मग मी सुरुंगाचं सांगायची. आवाज कसा होईल, धोंडे कुठवर येतील, लाल झेंडा खाली उतरेपर्यंत कोणी का परतायचं नाही. लोक हात पुढं करून अक्षता घेत, कपाळाला लावत. कोणी पळालं नाही. कोणी एक प्रश्न विचारला नाही, याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं. पाण्याच्या मोरीवरून मला तासभर उभं करणारी ही माणसं. एका म्हाताऱ्यानं फक्त फागोजीच्या कानाशी काहीतरी विचारलं आणि फागोजी हसला. काय विचारलं, हे मी विचारलं नाही.

ठरल्या दिवशी मी आणि रहीमभाई जीप लांब ठेवून चालत आमराईत गेलो. गाव येत होतं. बोडीच्या पाळीवरून रांग लागली होती. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर धुतलेले दुपट्टे, बायकांच्या अंगावर पेटीतली लुगडी, लेकरांच्या डोळ्यांत काजळ. एका आंधळ्या आजीला खाटेवर घालून आणलं होतं. प्रत्येक घराच्या हातात एकेक पितळी गडवा, म्हणजे तांब्या, होता.

“बघा रहीमभाई,” मी म्हटलं, “पाण्याची सोयसुद्धा स्वतःच करून आलेत.”

रहीमभाईंनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. गडवे रिकामे होते, हे त्यांना दिसलं होतं, मला नाही.

फागोजीनं घरं मोजली, माणसं मोजली. सगळे होते. मनिराम रातपाळीहून परस्पर आला होता, डोळे लाल. मी डोंगराकडं बघून रुमाल हलवला. वर बोरकर साहेब लाल झेंडा घेऊन स्वतः उभे होते. थोड्या वेळानं सुरुंग उडायला लागले, एकामागून एक. डोंगराच्या अंगावरून धूळ उठली, गावावर धोंडे पडल्याचे आवाज आले, लेकरं ओरडली, मग शांत झालं.

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. लोकही हसले. मग ते सगळे वळले आणि आंब्यांच्या सावलीत समोरासमोर दोन रांगा करून खाली बसले. पंगतीला आपापला आणतात तसे पुढ्यात गडवे ठेवले. आणि माझ्याकडं बघायला लागले.

फागोजी जवळ आला. “म्याडम, पंगत बसली.”

“कसली पंगत?”

“चूलबंद होतं ना. सकाळपासून कोनी चूल नाही पेटवली. वाढन कवा?”

त्याच वेळी डोंगरावरून एक मजूर धावत आला. सुरुंगाच्या कामात आवाज मोजतात. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढे आवाज व्हायला हवेत. एक कमी भरला होता. एक भोक भरलेलं होतं आणि उडालं नव्हतं. ते कधीही उडू शकत होतं. मुकादम म्हणत होता, बराच वेळ थांबून, मग शेजारी नवं भोक पाडून ते उडवावं लागेल. तोवर गावात कोणी पाऊल ठेवायचं नाही. वर लाल झेंडा तसाच होता.

किती वेळ, हे मी विचारलं. मजुराला माहीत नव्हतं.

लोकांच्या कानांवर ते गेलं होतं, पण त्यांनी आवाज ऐकले होते. त्यांच्या लेखी काम झालं होतं. आणि जिथं जेवायला बोलावलं तिथं चूलसुद्धा मांडलेली नव्हती. रांगेत कुजबुज सुरू झाली. एका बाईनं पुढ्यातला गडवा उचलून पालथा केला. मग मनिराम उठला.

“मी जातो घरी. शिळं हाय थे खातो अन् झोपतो. रातभर उभा होतो मिलमंदी.”

तो निघाला असता तर त्याच्यामागं अख्खी रांग निघाली असती. मला डोळ्यांपुढं फक्त ती खाट दिसत होती. हातात मायक्रोफोन नव्हता. तोपर्यंत मी कधी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते, नंतरही नाही.

“कोणी उठायचं नाही. माझ्या आवतणावर आलात. जेवल्याशिवाय जायचं नाही.”

मनिराम थांबला. “जेवन कोठी हाय, म्याडम?”

“येत आहे.”

“कोठून?”

हा प्रश्न मला एरवी आवडायचा. नक्की माहीत असलेलंच सांगायचं, हा माझा नियम त्या क्षणी आमराईत गळून पडला होता. मी बयनाबाईकडं बघितलं. तिनं पदर खोचला आणि ती उठली.

“काहून रे, लगनघरी जाऊन सैपाक कोठी हाय म्हून इचारतेस? तुया बापानं इचारलं होतं का कवा? जाय, पळसाचे पानं तोडून आन. पत्रावळ्या का म्याडम लावीन? ए पोट्ट्याहो, सरपन जमा करा. बोडीकडून, गावाकडं गेलं कोनी तं तंगडी मोडीन.”

मनिराम जरा उभा राहिला, मग पळसाकडं वळला.

मी रहीमभाईंना ठेकेदाराच्या मजुरांच्या तळावर पाठवलं. तळ आमराईच्या मागंच होता. तिथल्या भांडारवाल्यानं विचारलं, कोणाच्या हुकमानं? रहीमभाईंनी काय सांगितलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, “मैंने बोला, मॅडम के घर शादी है. पूरा गाव बैठा है. तू क्या नाक कटवाएगा?” त्यानं तांदळाची पोती दिली, लाखोरीची डाळ दिली, तेल-तिखट दिलं आणि मजुरांच्या स्वयंपाकाचे मोठे गंज दिले. वर स्वतः मागोमाग आला, कारण शादी बघायची होती.

दगडांच्या चुली मांडल्या गेल्या. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. चुलीवर गंज चढल्यावर कोणी उठायचं नावच काढेना. पुरुष पत्रावळी लावत होते, बायका तांदूळ धूत होत्या, लेकरं सरपणाच्या नावाखाली कैऱ्या पाडत होती. मी घड्याळाकडं बघायचं सोडून दिलं. भात शिजायला लागेल तेवढा वेळ ते थांबणार होते, आणि भात अजून चांगला शिजलेला नव्हता.

बायकांनी तेवढ्यात मला धरलं.

“काहून व म्याडम, लगन तुयं, अन् नवरदेव कोठी हाय?”

“थो पाहा ना डोंगरावर. हाती लाल झेंडा घेऊन उभा हाय बिचारा.”

“लाल झेंडा कायले? येऊ नोको म्हन्ते का?”

“मुंडावळ्या नाही भेटल्या तं झेंडाच घेतला.”

मी हसू दाबायचा प्रयत्न करत होते. बोरकर साहेब माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते आणि उन्हात उभे होते, बिचारे, खरंच.

पहिली पंगत बसली. भात वाढून झाला, डाळ अर्ध्या रांगेत पोचली, आणि तो राहिलेला सुरुंग उडाला. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. जमीन हलली. बोडीच्या पाण्यावर धोंडे पडताना आम्ही सगळ्यांनी पाहिले. आमराई मुळापासून थरथरली आणि वरून कैऱ्यांचा सडा पडला. पत्रावळींवर, डोक्यांवर, भाताच्या गंजात.

मग एका म्हाताऱ्यानं पानातली कैरी उचलून पुसली. “घ्या गा. म्याडमनं लोनचं बी वाढलं.”

वरचा लाल झेंडा खाली आला. कोणी उठलं नाही, डाळ यायची होती.

साहेब खाली आले तेव्हा शेवटची पंगत बसत होती. भुवयांपर्यंत धुळीनं पांढरे झाले होते. बायकांमध्ये खसखस पिकली. त्यांनी रांगा बघितल्या, गंज बघितले, माझ्याकडं बघितलं.

“हे काय?”

“चूलबंद होतं, साहेब.”

“त्याचा अर्थ तुम्हाला माहीत होता?”

“आता झाला.”

मनिरामनं त्यांच्यासमोर पत्रावळ ठेवली आणि ते मांडी घालून बसले. त्या दिवसाचा खर्च साहेबांनी कोणत्या सदरात घातला हे मी कधी विचारलं नाही.

गावात बऱ्याच घरांची कवेलू फुटली होती, दोन गोठे खचले होते. माणूस, जनावर एकही गेलं नाही. कवेलूंची भरपाई होईपर्यंत मी तिथं फेऱ्या मारत राहिले. एकदा बयनाबाईला विचारलं, “मावशी, चूलबंद म्हणजे जेवण घालावं लागतं, हे आधी का नाही सांगितलं?”

“सांगतलं असतं तं तू साहेबाले इचारलं असतं. साहेबानं त्याच्या साहेबाले. थोपावतर पानी पडलं असतं, अन् मनिराम खाटेवर राहला असता.”

पुढं या गोष्टीची खात्यात बरीच चर्चा झाली. पवनीकडच्या एका कामावरच्या अभियंत्यानं मला गाठून विचारलं, तुमची ती अक्षतांची योजना काय आहे, जरा लिहून द्या. मी म्हटलं, आधी पंगतीचे तांदूळ घ्या, हळद नंतर. त्याला ते पटलं नसावं. मी स्वतः ती रीत दुसऱ्या गावात कधी वापरली नाही. प्रत्येक गावाला काही ना काही असतं ज्यानं माणूस घराबाहेर येतो आणि थांबतो. कुठं बाजार असतो, कुठं दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावजत्रा, असते. ते शोधून काढणं हेच माझं खरं काम होतं. भोंगा कोणीही वाजवतं.

या कामाची एक बाजू मात्र अजून सलते. पुढच्या वर्षी असं ठरलं की डोंगरातून बाहेर आल्यावर रस्त्याला फार एकदम वळण पडतं. आखणी बदलली. नवी रेघ आमराईतून गेली.

सांगायला मीच जाणार होते. चिचटोल्यात वाईट बातमी आणणारा माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, हे तोपर्यंत मला कळलं होतं. मी बयनाबाईच्या अंगणात उभी राहिले. ती नेहमीसारखी पाण्याचा पेला घेऊन आली, मी आत येत नाही हे तिनं बघितलं आणि पेला तसाच हातात धरला.

“कोन गेलं?”

“आमराई,” मी म्हटलं.

तिनं तिन्ही प्रश्न विचारले. कोणती झाडं, कधी, आणि मंग पंगत कोठी बसवायची. पहिल्या दोनांची उत्तरं माझ्याकडं होती. आंबे उतरून होईपर्यंत कुऱ्हाड लागणार नाही, एवढं मी बोरकर साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं, आणि साहेबांनी ते पाळलं. तेवढंच मला जमलं. तिसऱ्या प्रश्नाला मी ‘माहीत नाही’ म्हणाले. पुढच्या फेरीलाही माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं.

आता तो रस्ता झाला आहे. भंडाऱ्याहून निघालेली एसटी त्या खिंडीतून इतकी झपाट्यानं जाते की चिचटोला डावीकडं येऊन गेला हे बसमधल्या लोकांना कळतही नाही. साहेब निवृत्त झाले. मी पक्की झाले आणि पुन्हा टेबलाशी बसले.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या भंडाऱ्याच्या घराची कडी वाजली. दारात मनिराम होता, नवा शर्ट घातलेला, आणि त्याच्या मागं बयनाबाई. तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. मी काही विचारायच्या आत ती उंबरा ओलांडून आत आली, म्हणजे बातमी चांगली होती.

“याचं लगन हाय,” ती म्हणाली. पिवळे तांदूळ तिनं आधी आईच्या हातात ठेवले, मग माझ्या. “तू यशीन तं तुयी मायबी. चूलबंद हाय बरं.”

मग तिनं स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. ओट्यावर गॅसच्या शेगडीवर चहा उकळत होता. लाकूड नाही, राख नाही. ती जरा वेळ तिथं उभी राहून त्या निळ्या ज्योतीकडं बघत राहिली.

“हे बंद कसं करतेत व?”

लग्नाला अजून आठवडा होता. मी पुढं होऊन बटण फिरवलं.